विहारचा बांध आणि पायथ्याची माणसं

मुंबईच्या पाण्याचा विषय निघाला की सगळे भातसा, तानसा, वैतरणा अशी नावं घेतात. विहारचं नाव घेणारा विरळाच. साहजिक आहे म्हणा! सात तलावांचा मिळून साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि त्यात विहारचा वाटा २७ हजार ६९८. म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाही. पण वयानं तो या सगळ्यांचा आजोबा आहे, आणि मुख्य म्हणजे त्याचे बांध मातीचे आहेत. पवई-मरोळ-कुर्ल्याच्या डोक्यावर दीडशेहून जास्त वर्षं मातीचा बांध पाणी अडवून उभा आहे, हे इथे राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

मी इतिहास शिकवायचो तेव्हा पुस्तकात १८५७ होतं, विहार नव्हता. खरं तर दोन्ही एकाच काळातले. १८५४ साली मुंबईत पाण्याचा एवढा तुटवडा झाला की गुरंढोरं शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली. तोवर सगळी भिस्त विहिरींवर आणि तळ्यांवर. मग हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरची योजना मान्य झाली आणि मिठी नदीचं खोरं अडवायचं ठरलं. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये पुरं झालं. उत्तरेत बंड पेटलेलं असताना साष्टीच्या जंगलात माणसं माती वाहत होती. तीन मातीचे बांध घातले, त्यातला मोठा सुमारे ८४ फूट उंच. तिथून ३२ इंची बिडाचा नळ शहरापर्यंत नेला. भारतातल्या शहराला नळानं पाणी मिळायची ही सुरुवात. विहार नावाचं गाव मात्र पाण्याखाली गेलं, नाव तेवढं तलावाला राहिलं.

आता मातीचा बांध पाण्यात टिकतो कसा, हा प्रश्न वर्गात एखादा तरी मुलगा विचारायचाच. उत्तर सोपं आहे. त्याच्या पोटात चिकणमाती मळून, तुडवून केलेली एक भिंत असते, तिला गाभा म्हणायचं. पाणी अडवते ती. दोन्ही बाजूंची माती म्हणजे त्या भिंतीला दिलेले खांदे. पाण्याकडच्या उतारावर दगड बसवतात, लाटांनी माती झिजू नये म्हणून. थोडं पाणी तरी पाझरतंच, त्यात भिण्यासारखं काही नाही. पाझर स्वच्छ आहे तोवर बांध ठीक. पाझर गढूळ झाला की समजायचं, आतली माती निघाली. आणि मातीच्या धरणाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे त्याच्या माथ्यावरून वाहणारं पाणी. दगडी धरण असं पाणी काही काळ सोसेल, पण मातीचं धरण काही तासांत कापलं जातं. म्हणून सांडवा मोठा हवा आणि मोकळा हवा.

साहेबाला हे सगळं येत होतं आणि म्हणून सगळं बिनधोक होतं, असं मात्र समजू नका. विहार पुरा झाल्यावर चारच वर्षांनी, ११ मार्च १८६४ च्या रात्री, खुद्द इंग्लंडात शेफिल्डजवळचं डेल डाइक धरण पहिल्यांदाच भरत असताना फुटलं. तेही मातीचं, पोटात चिकणमातीचा गाभा असलेलं. अडीचशेच्या आसपास माणसं वाहून गेली. त्याच जातीचा, त्याच काळातला आपला विहार टिकला.

पुढे विहारही पुरेना, म्हणून त्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, तुळशी तलाव बांधला. तो १८७९ मध्ये पुरा झाला. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारमध्ये येतं आणि विहार भरला की मिठीत जातं. तुळशीची भरून वाहण्याची पातळी १३९ मीटर, विहारची ८०. म्हणजे एकाच्या खाली एक ठेवलेल्या घागरीच! अशा उतरंडीत वरची घागर फुटली तर काय होतं, हे महाराष्ट्रानं १२ जुलै १९६१ ला पाहिलं. पानशेतचं धरण मातीचं, अजून पुरं न झालेलं, तरी त्यात पाणी साठवलं. बांध खचू लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी तो फुटला आणि दुपारी खालचं खडकवासलाही गेलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा. नारायण पेठेतल्या आत्याची खुशाली कळायला आम्हाला चार दिवस लागले. माझ्या वडिलांनी नंतर आयुष्यात कधी धरण बघायला जायचं नाव काढलं नाही!

मला मात्र धरणावर जायला आवडायचं. १९७८-७९ च्या सुमारास आम्ही आमच्या शाळेतली मुलं घेऊन विहारला सहलीला गेलो होतो. डबे खाऊन झाल्यावर पोरं बांधाच्या उतारावर घसरगुंडी खेळू लागली, तसा तिथला रखवालदार धावत आला. मला वाटलं, आता हा रागावणार. तर तो मुलांना खाली बसवून सांगू लागला, "गवत उपटू नका रे पोरांनो, हे गवत माती धरून ठेवतं. पण झाड उगवलं ना, तर आम्ही लहानपणीच काढतो." का, विचारल्यावर म्हणाला, "झाड मेलं की मुळं कुजतात आणि बांधात बिळं राहतात. उंदीर-घुशी काय कमी आहेत, त्यात आणि ही कशाला?" धरणशास्त्राचा इतका उत्तम धडा मला पुढे कुठल्या पुस्तकात मिळाला नाही.

ते दिवस गेले. १९९० नंतरच्या दशकात सुरक्षेच्या कारणानं विहार सामान्य माणसाला बंद झाला. पाणी पिण्याचं, भोवती राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, त्यात बिबटे आणि पाण्यात मगरी, तेव्हा बंद ठेवण्यात गैर काही नाही. होड्या आणि भजीवाले तिथे परत यावेत असं मलाही वाटत नाही. पण यातून एक गोष्ट नकळत घडली. लोकांची नजर त्या बांधावरून गेली. जे दिसत नाही ते आपलं वाटत नाही, आणि त्याविषयी कुणी काहीही सांगितलं तरी खरं वाटतं.

२००५ साली हेच झालं. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, विहारच्या परिसरात तर हजाराच्याही वर. तलाव भरून वाहिला, मिठी फुगली, कुर्ला-कलिना पाण्यात गेले. विहारचे बांध मात्र जागचे हलले नाहीत. आणि दोनच दिवसांनी, २८ तारखेला, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत अफवा उठली की धरण फुटलं, त्सुनामी आली. अंधारात, चिंचोळ्या गल्ल्यांत लोक धावत सुटले आणि चेंगराचेंगरीत पंधराहून जास्त माणसं मेली, त्यात बायका-मुलं. धरण शाबूत होतं आणि तरी त्याच्या नावानं माणसं मेली! त्यांना कुणी आधी सांगितलं असतं की धरण कुठे आहे, त्याचं पाणी कोणत्या वाटेनं जातं, तर त्यातली किती घरीच थांबली असती?

याच्या अगदी उलट तिवरे. चिपळूण तालुक्यातलं हे छोटं मातीचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली. तिथे अफवा नव्हती, गावकऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी गळती पाहिली होती, तक्रारीही केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि सगळीकडे त्यांची थट्टा झाली, लोकांनी खेकडे घेऊन निदर्शनं केली. खेकडे बांधात बिळं करतात, हे आमच्या रखवालदारालाही कळत होतं. पण ती बिळं बुजवायला माणूस ठेवायचा असतो ना?

२०२१ मध्ये केंद्रानं धरण सुरक्षा कायदा केला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं, आणि दहा ते पंधरा मीटरमधली काही, यांची नियमित तपासणी त्यानं सक्तीची केली. विहारचा मोठा बांध त्यात बसतो, हे चांगलं झालं. दहा मीटरच्या आतले बांध मात्र सुटले. आरेतल्या छोट्या काश्मीरसारखी तळी, जिथे आपण पोरांना होडीत बसवायला नेत होतो, ती अर्थात या हिशेबात नाहीत.

करमणुकीचं पाणी म्हणजे निरुपद्रवी पाणी, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं एक मातीचं धरण होतं. पिट्सबर्गच्या धनिकांनी ते घेऊन मासेमारीचा क्लब काढला. बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा खाली घेतला, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. पाणी सोडायचे तळातले नळ आधीच काढून विकले गेले होते, ते पुन्हा बसवले नाहीत. ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला, जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं. खालच्या जॉन्सटाउनमधली २,२०९ माणसं मेली.

आपला पवई त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये झाला. त्याचा बांध दगडी आहे, म्हणून ही गोष्ट त्याला लागू नाही. त्याचं पाणी पुढे पिण्याजोगं राहिलं नाही, म्हणून तो लोकांकडे आला. गळ टाकणाऱ्यांची राज्य संघटना तिथे आहे, गणपती बुडतात, सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते. काठावर सायकलचा रस्ता करायला निघाले होते, तो मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवला. तलाव भरून वाहू लागला की पोरं सांडव्याच्या पाण्यात उतरतात. शेवाळलेल्या दगडावर पाय कसा निघतो हे त्यांना दिसत नाही, आणि मगरींच्या पाट्यांसमोर ती फोटो काढतात.

विहारच्या बांधाची तपासणी होते, ती करणारे इंजिनिअर जाणते असणार, याविषयी मला शंका नाही. मला एवढंच हवं आहे की पावसाळ्याआधी तिचा निष्कर्ष चार ओळींच्या सोप्या मराठीत आणि हिंदीत मिठीकाठच्या वस्त्यांत लागावा. पाझर कसा आहे, सांडवा मोकळा आहे का, पाणी वाढलं तर कुणी कोणत्या बाजूला जायचं. मरोळ, साकीनाका, कुर्ला इथल्या शाळांच्या फळ्यांवर तो लिहिला तरी चालेल. खडू फार लागणार नाही.