रसातले फॉस्फेट गेले कुठे?

अकरावी-बारावीच्या वर्गात ग्लुकोजच्या विघटनाची साखळी फळ्यावर मांडली, की एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, ‘सर, साखरेपासून ऊर्जा मिळवायची आहे ना? मग सुरुवातीलाच दोन एटीपी खर्च करून तिला फॉस्फेट कशाला चिकटवायचे?’ प्रश्न रास्त आहे. या फॉस्फेटाचे कोडे शास्त्रज्ञांना १९०५ साली पडले आणि त्याचा हिशेब पुरता जुळायला १९४५ साल उजाडले.

त्याआधीची थोडी हकिगत सांगायला हवी. १८९६ साली म्युनिकमध्ये जंतुशास्त्रज्ञ हान्स ब्युखनर यांना औषधी उपयोगासाठी सूक्ष्मजीवांतील प्रथिने हवी होती. यीस्ट वाळूबरोबर खलात घोटायचे, त्यात डायटमांची माती मिसळायची आणि तो लगदा दाबयंत्रात पिळायचा, अशा रीतीने पेशींचा रस निघे. पण तो लवकर नासे. मुरांबा टिकतो त्याच न्यायाने त्यात भरपूर साखर घातली, तर रसातून बुडबुडे येऊ लागले! हान्स यांचे धाकटे भाऊ, रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड ब्युखनर यांनी त्याचा अर्थ ओळखला. एकही जिवंत पेशी नसताना साखर आंबत होती. किण्वनाला जिवंत पेशीच लागते, हे पाश्चरचे मत १८९७ च्या त्यांच्या निबंधाने मोडीत निघाले. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एडुआर्ड यांना मिळाले.

हा रस लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डन यांच्या हाती आला. रसाची एक खोड होती. त्यातलीच प्रथिने पचवणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, किण्वन घडवणाऱ्या विकरांचा फडशा पाडीत. रक्तद्रव घातला तर हा नाश थांबेल, असे हार्डन यांना वाटले, आणि किण्वन वाढलेही. मग त्यांनी व विल्यम यंग यांनी उकळलेला यीस्टचा रस घालून पाहिला. किण्वन त्यानेही वाढले! उकळल्यावर विकरे टिकत नाहीत. तेव्हा उष्णतेला दाद न देणारे काहीतरी कामी येत होते. त्यातला एक घटक निघाला साधे फॉस्फेट.

आता खरी गंमत. रसात साखर होतीच. तीत विद्राव्य फॉस्फेट घालताच कार्बन डायऑक्साइड भराभर निघू लागे आणि काही वेळाने वेग एकदम उतरे. जादा निघालेला वायू मोजला, तर फॉस्फेटाच्या जितक्या ग्रॅम-रेणूंची भर घातली तितकेच ग्रॅम-रेणू वायूचे! आणि मॅग्नेशियम मिश्रणाने फॉस्फेटाचा जो साका पडायला हवा, तो पडेना. फॉस्फेट रसात होते, पण मोकळे नव्हते. ते साखरेच्या रेणूला जोडले गेले होते, एकेका रेणूला दोन-दोन. यालाच आज आपण फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट म्हणतो.

पण हे संयुग किण्वनाच्या वाटेवरचे, की वाटेबाहेर साचलेला गाळ? शंका घेणाऱ्यांची बाजू कच्ची नव्हती. जिवंत यीस्टला हे संयुग बाहेरून दिले तर ते आंबवीत नसे, आणि जिवंत यीस्टमध्ये ते असे साचतही नसे. कार्ल न्यूबर्ग यांनी १९१३ साली मांडलेल्या किण्वनाच्या आराखड्यात फॉस्फेटयुक्त साखरेला जागाच नव्हती. पहिल्या आक्षेपाचे उत्तर आज सोपे वाटते. फॉस्फेटावर विद्युतभार असतो, त्यामुळे असा रेणू पेशीपटलातून आत शिरत नाही. त्याच कारणाने आत तयार झालेला बाहेरही निसटत नाही. आपल्या विद्यार्थ्याला अर्धे उत्तर इथेच मिळते. उरलेले १९३३ साली गुस्टाफ एम्ब्डेन यांच्या मांडणीतून आले: दोन्ही टोकांना फॉस्फेट असलेली सहा कार्बनांची साखर मधोमध तुटली, की दोन्ही तुकड्यांना एकेक फॉस्फेट मिळते आणि पुढे त्यांतूनच एटीपी घडते.

दुसरा आक्षेप चिवट होता. तो सुटायला एटीपी माहीत व्हावे लागले. जर्मनीत लोहमन यांनी आणि हार्वर्डमध्ये फिस्के व आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते १९२९ साली शोधले. आता जमाखर्च मांडून पाहा. एक ग्लुकोज आंबले की निव्वळ दोन एटीपी शिल्लक राहतात. जिवंत पेशी ते वाढीत, दुरुस्तीत खर्चून टाकते. पिळून काढलेल्या रसात खर्च करणारे कोणीच नाही! ते दोन एटीपी मग दुसऱ्या ग्लुकोजवर दोन फॉस्फेट चढवण्यातच जातात. म्हणजे दोन ग्लुकोजपैकी एक आंबते, दुसरे अडकून पडते. दोन रेणू वायू सुटतो, दोन फॉस्फेट गुंततात. हार्डन-यंग यांचे एकास एक प्रमाण ते हेच. मोकळे फॉस्फेट संपले की गाडी मंदावते. नाझी राजवटीमुळे देश सोडून अमेरिकेत गेलेल्या ओटो मेयरहोफ यांनी १९४५ साली एटीपी फोडणारे विकर रसात मिसळले, आणि साचणे थांबले. रसातला तेवढाच एक दुवा लंगडा पडला होता. तो धड असता, तर हार्डन यांच्या हाती ते संयुग लागले असते की नाही, याची मला शंकाच आहे.

हीच लंगडी बाजू पुढे कामाला आली. ग्लुकोजवर फॉस्फेट चढण्याजोगे पाच हायड्रॉक्सिल गट असतात. चंचुपात्रातल्या रसायनांना त्यांतला नेमका सहावा कार्बन ओळखता येत नाही, विकराला येतो. मात्र प्रत्येक रेणूमागे एक महागडे एटीपी लागते. म्हणून एक विकर एटीपी खर्च करते आणि दुसरे ते स्वस्त फॉस्फेटदात्याकडून पुन्हा भरून देते, अशी जोडी एकाच भांड्यात लावतात. दुसरी वाट कार्ल व गर्टी कोरी यांची. १९३६ साली धुतलेल्या बेडकाच्या स्नायूत त्यांना आढळले, की ग्लायकोजेन साध्या फॉस्फेटानेच तुटून ग्लुकोज-१-फॉस्फेट होते. एटीपीची गरजच नाही. स्टार्चही असेच तोडता येते, आणि पुढचे विकर फॉस्फेट पहिल्या कार्बनावरून सहाव्यावर नेते.

मलेरियाच्या रुग्णाला प्रायमाक्विन देण्यापूर्वी जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता तपासतात. त्या तपासणीत रुग्णाच्या रक्तात जे घालतात, ते हेच ग्लुकोज-६-फॉस्फेट.