चालियारच्या काठाने

कोझिकोडला, म्हणजे जुन्या कालिकतला, चार दिवस राहायचे म्हटले की टूरवाले एका दिवसाच्या तीन-चार सहली पुढे ठेवतात. उत्तरेला कप्पडचा किनारा, जिथे १४९८ साली वास्को द गामा उतरल्याचा स्तंभ आहे. दक्षिणेला बेपूर, जिथे लाकडी जहाजे बांधतात. आणि आत डोंगराकडे सुमारे सत्तर किलोमीटरवर निलंबूर, सागवानाचे गाव. एक समुद्राची सहल, एक कारागिरीची, एक जंगलाची. मी या सगळ्या केल्या आणि परतल्यावर नकाशा पाहताना लक्षात आले की बेपूर आणि निलंबूर एकाच नदीवर आहेत. चालियार निलंबूरवरून वाहत येते आणि बेपूरला समुद्राला मिळते. मलबारच्या मुसलमानांचा, म्हणजे मोपल्यांचा (तिकडे माप्पिळा म्हणतात) पाचशे वर्षांचा इतिहास या एका नदीच्या काठाने वाचता येतो.

मराठी वाचकाला 'मोपला' हा शब्द बहुधा एकाच कारणाने माहीत असतो, ते म्हणजे सावरकरांची 'मोपल्यांचे बंड' ही कादंबरी. आपल्याकडे मोपला म्हणजे १९२१ आणि १९२१ म्हणजे दंगल. त्याआधीचा मोपला कोण होता, हे विचारायची आपल्याला गरजच वाटलेली नाही.

सुरुवात कोझिकोडच्या कुट्टीचिरा मोहल्ल्यातून करावी. हे ठिकाण टूरवाल्यांच्या यादीत सहसा शेवटी असते. तिथल्या तळ्याजवळ मिश्काल मशीद आहे. चौदाव्या शतकात एका अरब जहाजमालकाने ती बांधली. इब्न बतूता कालिकतला आला तेव्हा मिस्काल नावाच्या या गडगंज व्यापाऱ्याचा उल्लेख त्याने केला आहे. मशिदीला घुमट नाही, मिनार नाही. एकावर एक उतरत्या छपरांची, वरचे मजले लाकडाचे असलेली ही इमारत लांबून मंदिरासारखी दिसते. गावचे सुतार जे जाणत होते तेच त्यांनी बांधले.

१५१० च्या जानेवारीत अल्बुकर्कच्या पोर्तुगीज आरमाराने कालिकतवर हल्ला केला आणि ही मशीद पेटवली. त्या लढाईत सामोरी राजाच्या सैनिकांनी पोर्तुगीज सेनानी कुतिन्योला ठार केले, अल्बुकर्क स्वतः जखमी होऊन कसाबसा जहाजावर परतला. त्याच वर्षी त्याने गोवा घेतला. कालिकतचा पराभव आणि गोव्याचा विजय ही एकाच वर्षाची दोन पाने आहेत. आपण शाळेत दुसरेच वाचतो.

कालिकतचा सामोरी हिंदू राजा, त्याचे आरमार मुसलमान कुंजाली मरक्कारांच्या हाती. बेपूरसमोर, नदीच्या दुसऱ्या तीरावर चालियम आहे. तिथे पोर्तुगीजांनी १५३१ साली किल्ला बांधला आणि त्यासाठी जुन्या जामा मशिदीचे दगड वापरले. १५७१ साली सामोरीने वेढा घालून हा किल्ला जिंकला आणि पाडला. शेख झैनुद्दीन मखदूम यांनी त्याच शतकात अरबीत लिहिलेल्या 'तुहफत-उल-मुजाहिदीन' या ग्रंथात हे सगळे आहे. किल्ल्याचे दगड आणि लाकूड सामोरीने कालिकतला नेले, काही भाग चालियमची मशीद पुन्हा उभारायला दिला. पुढे सामोरी आणि कुंजाली यांच्यात बिनसले, सामोरीने पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली आणि चौथ्या कुंजालीला १६०० साली गोव्यात नेऊन मारण्यात आले. ही मैत्री नुसत्या प्रेमाची नव्हती, व्यापाराची आणि सत्तेचीही होती. पण ती शतकभर टिकली, हेही तितकेच खरे.

नदी ओलांडून बेपूरला आलो की 'उरू' दिसते. उरू म्हणजे सागवानासारख्या कणखर लाकडाचे मोठे गलबत. कागदावर आराखडा नसतो, तो मुख्य सुताराच्या डोक्यात असतो. बांधून झाले की खलाशी दोर आणि चक्रे लावून, गाणे म्हणत ते पाण्यात ढकलतात. सुतारांत हिंदू बरेच, खलाशांत मोपले बरेच. 'खलाशी' हा शब्द आपलाच वाटतो ना? अरबांचा आणि फारशांचा 'नाखुदा' आपल्या कोळीवाड्यात 'नाखवा' झाला, कोकणी मुसलमानांत ते आडनावही आहे. एकाच समुद्राने ही भाषा रत्नागिरीलाही दिली आणि बेपूरलाही.

आता नदीच्या वर. या गलबतांचे लाकूड निलंबूरच्या बाजूने चालियारच्या पाण्यात ओंडके सोडून खाली येई. टिपूकडून १७९२ साली मलबार इंग्रजांकडे आले आणि त्यांच्या आरमाराची नजर या सागवानावर पडली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली जहाजे मलबारी सागवानाची होती. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. १८०६ साली कंपनीने कॅप्टन वॉटसनला जंगलांवर नेमले आणि सागवानाची मक्तेदारी घेतली. जमीनदार आणि लाकूड व्यापारी इतके भडकले की १८२३ च्या सुमारास ती उठवावी लागली. तोवर चांगले सागवान संपत आले होते.

मग कलेक्टर कॉनोली यांनी १८४० च्या दशकात निलंबूरला सागवानाची लागवड सुरू केली. प्रत्यक्ष काम पाहिले ते चातू मेनन यांनी. आज पर्यटक ज्याला जंगल समजून फोटो काढतात तो 'कॉनोलीज प्लॉट' म्हणजे ही लागवड. खरे वर्षावन त्याच्या मागे, डोंगरात आहे.

कॉनोलींचे पुढे काय झाले हे मला सहलीत कोणी सांगितले नाही. इंग्रजांनी जमिनीची मालकी जेन्मी जमीनदारांची मानली, कुळे बेदखल होऊ लागली आणि १८३६ पासून मोपला कुळांचे उठाव सुरू झाले. मम्बुरमचे सय्यद फझल यांना १८५२ साली देश सोडावा लागला. १८५५ साली तुरुंगातून पळालेल्या मोपल्यांनी कॉनोलींना त्यांच्या बंगल्यात ठार केले.

१९२१ चा उठाव याच प्रदेशात, याच जमिनीच्या प्रश्नावर, खिलाफतीच्या झेंड्याखाली पेटला. त्यात निरपराध हिंदू मारले गेले, सक्तीची धर्मांतरे झाली. ते नाकारून आपली बाजू खरी होत नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिरूरहून मालगाडीच्या बंद डब्यात कोंबलेल्या कैद्यांपैकी साठहून अधिक जण गुदमरून मेले. तेही विसरून कोणाची बाजू खरी होत नाही.

म्हणून मलबारला जाणार असाल तर एक सुचवतो. सहली उलट्या क्रमाने करा. आधी निलंबूर, मग वाटेत तिरूरला वॅगन ट्रॅजेडीच्या स्मरणार्थ बांधलेले सभागृह, मग बेपूर आणि चालियम, शेवटी कुट्टीचिरा. लाकूड ज्या वाटेने खाली आले त्या वाटेने या. कप्पडचा स्तंभ राहिला तर राहू द्या. वास्को द गामाची आठवण ठेवणारे पुष्कळ आहेत.