एका पक्ष्याची दोन बारशी

ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स क्लबच्या वार्तापत्राचा २९ डिसेंबर १८९४ चा अंक आणि ‘द आयबिस’ या त्रैमासिकाचा एप्रिल १८९५ चा अंक शेजारी ठेवले, की एकाच पक्ष्याचे दोनदा बारसे झालेले दिसते. पहिल्यात त्याचे नाव ट्रॅव्हर्सिया लायली, दुसऱ्यात झेनिकस इन्सुलॅरिस. पहिले ठेवले वॉल्टर रॉथ्सचाइल्डने; बड्या पेढीवाल्या घराण्यातला हा गृहस्थ इंग्लंडमधल्या ट्रिंगला स्वतःचे संग्रहालय थाटून बसला होता. दुसरे ठेवले सर वॉल्टर बुलर यांनी. पेशाने वकील, पण न्यूझीलंडच्या पक्ष्यांवरचा प्रमाणग्रंथ त्यांचाच. पक्षी जिवंत मात्र दोघांपैकी एकानेही पाहिला नव्हता.

तो पाहणाऱ्या माणसाचे नाव डेव्हिड लायल. न्यूझीलंडच्या दोन मुख्य बेटांमधल्या सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचे दीडशे हेक्टरांचे बेट आहे. माओरी लोक त्याला ताकापोउरेवा म्हणतात; कप्तान कूकने १७७० मध्ये विलायतेतल्या नौदलाच्या सचिवाचे नाव त्याला चिकटवले. म्हणजे नाव देऊन उपकार फेडण्याची चाल तिथे आधीपासूनची. २९ जानेवारी १८९४ ला बेटावरच्या दीपगृहाचा दीप उजळला आणि लायल तिथे साहाय्यक दीपरक्षक म्हणून राहू लागला. त्याच वर्षी एक मांजर लहानलहान पक्षी मारून आणू लागले. लायलला हे पक्षी निराळे वाटले आणि त्याने ते जपून ठेवले. जिवंत पक्षी त्याला दोनदाच दिसला. तो उडाला नाही, खडकांमधून उंदरासारखा पळाला.

इथून कागदांची वाट दुभंगते. एक नमुना ‘हिनेमोआ’ या सरकारी आगबोटीवरच्या बेथ्यून या इंजिनिअरमार्फत बुलर यांच्याकडे गेला. त्यांनी वर्णन लिहून ‘आयबिस’कडे धाडले. नऊ नमुने मात्र वेलिंग्टनच्या हेन्री ट्रॅव्हर्सकडे गेले. ट्रॅव्हर्स पक्ष्यांच्या कातड्यांचा व्यापारी. बुलर जाणकार असले तरी खरे मोठे गिऱ्हाईक ट्रिंगला आहे, हे त्याला ठाऊक असणारच. नऊच्या नऊ रॉथ्सचाइल्डने घेतले.

१९ डिसेंबर १८९४ च्या क्लबच्या सभेत रॉथ्सचाइल्डच्या वतीने त्याचा संग्रहपाल अर्न्स्ट हार्टर्ट याने नवे नाव मांडले. सभेला ‘आयबिस’चे संपादक स्क्लेटर होते. बुलर यांचा लेख आपल्याकडे येऊन पडला आहे, हे त्यांनी सांगितले. हार्टर्टने माघार घेतली नाही. प्राणिशास्त्रात आधी छापले जाते ते नाव खरे; लेख आधी हाती आला होता, याला किंमत नाही. बुलर यांनी पुढे तक्रार केली. माणूस म्हणून ती मला रास्त वाटते, नियमाने ती टिकत नव्हती.

आता नावे उलगडून पाहू. ट्रॅव्हर्सिया म्हणजे ट्रॅव्हर्सच्या नावाला लॅटिन शेपूट. लायली म्हणजे ‘लायलचा’. पक्ष्याचा रंग नाही, चाल नाही, घर नाही. विकणारा आणि मिळवून देणारा, एवढेच. पावतीच म्हणा ना! बुलर यांनी मात्र वर्णन करणारे नाव निवडले. झेनिकस ही ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये केलेली प्रजाती. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ परका. इन्सुलॅरिस म्हणजे बेटावरचा. गंमत अशी, की माणसांची नावे पक्ष्यांना देण्यात बुलरही मागे नव्हते. चॅटम बेटांवरच्या काळ्या रॉबिनला १८७२ मध्ये त्यांनीच ‘ट्रॅव्हर्सी’ केले होते, आणि ते याच हेन्री ट्रॅव्हर्ससाठी.

लायलच्या नावात तर एक सापळा आहे. न्यूझीलंडच्या डोंगरांत पांढरे मोठे फूल येणारी एक वनस्पती आहे, रॅननक्युलस लायली. तिचा लायलही डेव्हिडच, पण तो जहाजावरचा डॉक्टर आणि वनस्पतींचा संग्राहक. १८९५ मध्ये तो वारला. रोमन लिपीत त्या नावाच्या शेवटी एक ‘आय’ जास्त आहे. दीपरक्षक आणि डॉक्टर यांच्यातला फरक कागदावर तेवढाच.

वादाचे उत्तरही नावातच गोंदलेले आहे. पुढे अनेकांनी हा पक्षी झेनिकसमध्येच घातला, म्हणजे प्रजातीपुरते बुलर यांचे म्हणणे मानले. तेव्हा नाव झाले झेनिकस लायली आणि त्यापुढे नाव देणारा म्हणून लिहिले जाणारे रॉथ्सचाइल्डचे नाव कंसात गेले. कंसाचा अर्थ, नाव याचे पण प्रजाती बदललेली. आता पुष्कळ जण पुन्हा ट्रॅव्हर्सिया लिहितात. मग कंस उतरतो.

एका मांजराने अख्खी जात शोधली आणि संपवली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. १६ मार्च १८९५ ला क्राइस्टचर्चच्या ‘द प्रेस’ने पक्षी बेटावर उरला नसावा असे लिहिलेही होते. गॅलब्रेथ आणि ब्राउन या संशोधकांनी जुने कागद तपासून २००४ मध्ये ती गोष्ट दुरुस्त केली: नमुने समजतात त्याहून अधिक होते, पक्षी बहुधा आणखी काही वर्षे टिकला, आणि मारेकरी एक नव्हे, बेटावर माजलेली रानमांजरे होती.

आणि या पक्ष्याच्या इंग्रजी नावातले ‘रेन’? वसाहतकऱ्यांनी मायदेशातल्या चिमुकल्या पक्ष्याच्या आठवणीने दिलेले नाव. नाते काही नाही. विलायतेतल्या खऱ्या रेनला लिनियसने १७५८ मध्ये आपल्या धोबी पक्ष्याच्या प्रजातीत बसवून ‘ट्रोग्लोडायटीस’, म्हणजे गुहावासी म्हटले, कारण तो कपारींत शिरतो. स्टीफन्सवरच्या या न-रेनची हाडे पुढे न्यूझीलंडच्या दोन्ही मुख्य बेटांवर सापडली. म्हणजे तो मुळात एका बेटाचा नव्हताच, उंदरांनी इतरत्र संपवल्यावर तिथे उरला होता. बुलर यांचे ‘इन्सुलॅरिस’ गळून पडले नसते, तर तो चुकीचा पत्ता घेऊन वावरला असता. ती हाडे निघाली, ती गुहांमधून.