पलटण परतली, शिपाई राहिले: हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेची अदलाबदल

परदेशात दीर्घकाळ फौज ठेवणाऱ्या प्रत्येक देशापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मोहीम संपत नाही. माणूस मात्र थकतो, आजारी पडतो, त्याच्या नोकरीची मुदत संपते. अशा वेळी संपूर्ण तुकडी बदलायची, की तुकडी जागेवर ठेवून तिच्यातील माणसे बदलायची? ब्रिटिश लष्कराने या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे सुमारे दोनशे वर्षे हिंदुस्थानात करून पाहिली. त्यांतील सुरुवातीचे प्रयोग दक्षिणेत, मराठ्यांच्या तंजावर राज्याच्या आसपास झाले. शेवट मुंबईत, गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखाली झाला.

कावेरीकाठचे ठाणे

तमिळनाडूतील तिरुवैयारु हे गाव आज संत त्यागराजांच्या समाधीमुळे आणि तेथे दरवर्षी होणाऱ्या संगीत आराधनेमुळे ओळखले जाते. तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी वसलेले हे गाव व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या मराठी राज्याचा भाग होते. पाच नद्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या या भातखोऱ्यावर अर्काटचा नवाब, फ्रेंच, म्हैसूरचा हैदर अली आणि इंग्रज अशा सर्वांचाच डोळा होता.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १७४९ मध्ये तंजावरच्या गादीच्या वादात हात घातला आणि कोल्लिडमच्या मुखाजवळील देवीकोट्टै काबीज केले. त्या वेळी लढलेले गोरे शिपाई कंपनीचे नोकर होते. ते ब्रिटिश राजाच्या सैन्यात नव्हते. कंपनी त्यांना स्वतः भरती करी आणि त्यांची नोकरी हिंदुस्थानातच असे. त्यांची पलटण इंग्लंडला परत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

राजाच्या सैन्यातील पहिली पायदळ रेजिमेंट १७५४ च्या सप्टेंबरमध्ये मद्रासला उतरली. कर्नल जॉन ॲडलरक्रॉन यांच्या हाताखालील ही ३९ वी रेजिमेंट होय. हिंदुस्थानात प्रथम आल्याचा मान म्हणून ‘प्रायमस इन इंडिस’ हे लॅटिन ब्रीद तिला पुढे मिळाले. तंजावरच्या गादीवर तेव्हा प्रतापसिंह होते. यापुढे शंभर वर्षे हिंदुस्थानात दोन प्रकारच्या गोऱ्या फौजा शेजारी शेजारी नांदल्या: कंपनीची कायमची आणि राजाची, बदलून जाणारी. दोहोंच्या अधिकाऱ्यांत ज्येष्ठतेवरून कुरबुरी होत, त्याही पहिल्या दिवसापासून.

१७७३ मध्ये जनरल जोसेफ स्मिथ यांच्या फौजेने तंजावर जिंकून तुळजाजीराजांना कैद केले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले; पण किल्ल्यात कंपनीचे ठाणे बसले आणि त्याच्या खर्चाचा भार राजाच्या माथी आला. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ आधी त्रिचनापल्लीच्या ठाण्यातील गोऱ्या सैनिकांचे धर्मगुरू होते, नंतर तंजावरला आले. तंजावरच्या किल्ल्यातील त्यांचे १७७९ चे चर्च आजही उभे आहे. हेच श्वार्ट्झ पुढे सरफोजीराजांचे शिक्षक झाले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि सरफोजींकडे किल्ला व भोवतालचा थोडा भाग उरला.

या सहवासाची एक खूण संगीतात राहिली. सरफोजींच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता आणि याच काळात व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुळले. पलटणी आल्या-गेल्या, वाद्य मात्र राहिले. तिरुवैयारुच्या आराधनेत आजही ते वाजते.

रेजिमेंट परत जाते म्हणजे काय?

राजाची रेजिमेंट मायदेशी परत बोलावली की तिच्यातील सारे सैनिक घरी जात, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे होत नसे. ३९ व्या रेजिमेंटला १७५८ च्या सुमारास परतीचा हुकूम मिळाला, तेव्हा तिच्या सैनिकांना कंपनीच्या नोकरीत राहण्याची मुभा देण्यात आली आणि पुष्कळांनी ती स्वीकारली.

पुढे ही रीतच पडून गेली. परतणाऱ्या रेजिमेंटमधील धडधाकट सैनिकांना रोख बक्षीस देऊन हिंदुस्थानात राहणाऱ्या दुसऱ्या रेजिमेंटमध्ये घेतले जाई. निशाण, बँड, अधिकारी आणि आजारी किंवा जुने झालेले शिपाई तेवढे जहाजात चढत. यामागचे गणित सरळ होते. इंग्लंडहून एक नवा माणूस आणण्यास मोठा खर्च येई आणि तो इथल्या हवेत टिकेल याची खात्री नसे. इथे मुरलेला शिपाई सरकारच्या दृष्टीने अधिक मोलाचा होता.

मराठी वाचकांना ठाऊक असलेले उदाहरण ७४ व्या हायलँडर रेजिमेंटचे आहे. ही स्कॉटिश पलटण १७८९ मध्ये मद्रास इलाख्यात आली, टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढली आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर सापडली. त्या दिवशी तिचे जवळजवळ सर्व अधिकारी ठार वा जखमी झाले. १८०५ मध्ये, सोळा वर्षांनंतर, रेजिमेंट मायदेशी निघाली. परंतु सेवेस योग्य असे सैनिक हिंदुस्थानातच ठेवण्यात आले. असईच्या मैदानातून वाचलेल्या शिपायाला परतीचे जहाज मिळाले नाही, त्याच्या रेजिमेंटच्या नावाला मिळाले.

सैनिकाची भरती १८४७ पर्यंत व्यवहारात आयुष्यभराची असे. त्या वर्षीच्या कायद्याने पायदळासाठी पहिली मुदत दहा वर्षांची ठरली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारा प्रवास चार ते सहा महिन्यांचा होता. सैनिकांच्या बायकांपैकी फारच थोड्यांना सोबत जाण्याची परवानगी मिळे. कोणी जायचे हे बंदरावर चिठ्ठ्या टाकून ठरे, आणि ‘जायचे नाही’ अशी चिठ्ठी हाती आलेली बाई मुलांसह धक्क्यावर राहून जाई. रेजिमेंट वीस वर्षांनी परतणार, तेव्हा अनेकांच्या बाबतीत ती भेट अखेरचीच ठरे.

लढाईपेक्षा रोगराईने अधिक माणसे नेली. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या राजनियुक्त आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार गोऱ्या सैनिकांत वर्षाला दर हजारी ६९ मृत्यू होत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या आकड्यावरून सरकारच्या मागे लकडा लावला. पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि बराकींची रचना सुधारल्यावर हे प्रमाण पुढील दशकांत बरेच उतरले. आजारातून उठलेल्या सैनिकांसाठी थंड हवेची ठिकाणे निघाली. मुंबई इलाख्यात पुरंदर किल्ल्याचा त्यासाठी उपयोग होत असे.

कार्डवेल यांची जोडी

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले. तिच्या गोऱ्या पलटणी राणीच्या सैन्यात वर्ग करण्यात आल्या, पण सैनिकांना न विचारता. १८५९ मध्ये त्यांनी याविरुद्ध जाहीर असंतोष व्यक्त केला. आम्ही कंपनीची चाकरी पत्करली होती, राणीची नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर सुमारे दहा हजार जणांनी सेवा सोडून इंग्लंडचा रस्ता धरला. उरलेल्यांच्या नव्या रेजिमेंट झाल्या. देवीकोट्टै-तंजावरपासूनचा वारसा सांगणारी कंपनीची मद्रास युरोपियन रेजिमेंट ही १०२ वी रॉयल मद्रास फ्युजिलियर्स झाली आणि शंभरावर वर्षांच्या इतिहासात प्रथमच तिलाही मायदेशी बदली मिळू लागली.

यापुढे बंगालमध्ये दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा, मद्रास व मुंबईत तिघांमागे एक, असे प्रमाण ठेवण्याची शिफारस झाली. म्हणजे साठ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक कायम हिंदुस्थानात हवे होते. आजन्म भरतीच्या जुन्या पद्धतीवर हे चालणे शक्य नव्हते.

उत्तर शोधले युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेल यांनी. १८७० च्या कायद्याने बारा वर्षांची भरती सुरू झाली. त्यातील साधारण सहा वर्षे प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली राखीव दलात काढायची होती. १८७२ पासून पायदळाच्या बटालियन दोन-दोनच्या जोड्यांत बांधण्यात आल्या. जोडीतील एक परदेशी, एक घरी. घरची बटालियन जवान भरती करून शिकवणार आणि दरवर्षी परदेशी बटालियनला माणसे पुरवणार. त्या वर्षी ७१ बटालियन परदेशी होत्या आणि ७० घरी. १८८१ मध्ये या जोड्यांना एकच नाव आणि एकच जिल्हा देऊन रेजिमेंटचे रूप देण्यात आले.

जुन्या पद्धतीत रेजिमेंट परतत असे आणि माणसे राहत. आता उलटे झाले. बटालियन पंधरा-सोळा वर्षे हिंदुस्थानात राही, पण तिच्यातील माणसे दरवर्षी थोडी थोडी बदलत. पंधरा वर्षांनी ती परतताना आलेल्यांपैकी क्वचितच कोणी तिच्यात उरलेला असे.

या काळात बटालियन एका जागीही नसे. पावसाळा संपून थंडी पडली की छावण्यांची अदलाबदल सुरू होई. पुणे, अहमदनगर, कामठी, मग एखादे थंड हवेचे ठिकाण, मग वायव्य सरहद्द, असा तिचा फेरा चाले. मायदेशी जाण्याआधीचे अखेरचे वर्ष पुष्कळदा एडनमध्ये काढावे लागे. मुंबई सरकारच्या ताब्यातील ते तापलेले बंदर जणू घरच्या वाटेवरचा जकातनाका होते.

योजनेत उणीव होती. एखादे नवे युद्ध पेटले की तोल जाई. १८७९ मध्ये, झुलू युद्धाच्या वेळी, परदेशी ८२ आणि घरी केवळ ५९ बटालियन अशी स्थिती आली. घरच्या बटालियनमध्ये कोवळी पोरे आणि कारकुनी काम तेवढे उरते, अशी तक्रार इंग्लंडमधील सेनाधिकारी पुढे कित्येक वर्षे करीत राहिले.

देवळालीचा मुक्काम

वाहतुकीसाठी १८६६-६७ मध्ये पाच खास जहाजे बांधण्यात आली: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. सुरुवातीस काही जहाजे इंग्लंड ते अलेक्झांड्रिया आणि काही सुवेझ ते मुंबई अशी चालत. मधला टप्पा रेल्वेने पार होई. १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडला आणि पुढे सलग प्रवास शक्य झाला. मुंबई हे हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेचे मुख्य दार बनले.

या दाराची ओसरी म्हणजे नाशिकजवळची देवळाली. येथे १८६१ मध्ये छावणी उभारण्यात आली. थळ घाटातून जाणाऱ्या रेल्वेवरील हे ठिकाण मुंबईहून जवळ, पण दमट हवेपासून दूर होते. नवे सैनिक येथे येत आणि त्यांची ठिकठिकाणी पाठवणी होई. मुदत संपलेले सैनिकही येथेच येऊन जहाजाची वाट पाहत.

ही वाट पाहणे कठीण असे. सैनिकी जहाजे साधारण हिवाळ्यातच ये-जा करीत, कारण उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातील प्रवास भरलेल्या जहाजावर सोसवत नसे. ज्याची मुदत मार्चनंतर संपे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत महिनोन्‌महिने थांबावे लागे. काम नाही, कवायत नाही, घरी जाण्याची तारीख नाही. दारू, मारामाऱ्या, शिक्षा आणि मनाचा तोल जाणे हे त्यातून ओघानेच आले. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थान व ब्रह्मदेशात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींत देवळालीच्या या स्थितीचे वर्णन केले आहे.

इंग्रजी बोलीत ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला, हा शब्द देवळालीवरून आला. मूळ शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा होता आणि त्यातील ‘टॅप’ हा आपला ‘ताप’ आहे. भारतीय लष्कराच्या तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आज जिथे आहे, त्या गावाचे नाव इंग्लंडमध्ये अशा अर्थाने वापरले जाते, हे पुष्कळ नाशिककरांच्या गावीही नसेल.

दोन महायुद्धांत या सगळ्या वेळापत्रकाची वाताहत झाली. १९१४ मध्ये कसलेल्या बटालियन युरोपात हलवून त्यांच्या जागी हौशी टेरिटोरियल पलटणी आणण्यात आल्या. १९१९ मध्ये त्या घरी निघण्याच्या बेतात असतानाच तिसरे अफगाण युद्ध सुरू झाले आणि अनेकांना थांबवून ठेवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात तुकडीऐवजी प्रत्येक माणसाचा हिशेब ठेवण्यात येऊ लागला. ‘पायथन’ नावाच्या योजनेनुसार ठराविक मुदत पूर्वेत काढलेला सैनिक परतीस पात्र ठरे. १९४५ च्या जूनमध्ये ही मुदत तीन वर्षे चार महिन्यांवर आणण्यात आली. लंडनला हा निर्णय लोकप्रिय ठरला. ब्रह्मदेशातील सेनापतींपुढे मात्र अनुभवी माणसे ऐन मोहिमेत गमावण्याचे संकट उभे राहिले.

शेवटचे जहाज आणि नंतर

स्वातंत्र्यानंतर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४७ रोजी, परतणाऱ्या ब्रिटिश फौजेची पहिली तुकडी मुंबईहून निघाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन भारतीय तुकड्यांची मानवंदना स्वीकारून गेटवे ऑफ इंडियातून बोटीकडे गेली. तिला गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट देण्यात आली. तिच्या जागी येणारी दुसरी बटालियन या वेळी नव्हती.

त्यानंतरच्या मोहिमांत ब्रिटिश लष्कराने मुदत फार आखूड केली. उत्तर आयर्लंडमध्ये (१९६९ ते २००७) काही बटालियन सुमारे दोन वर्षे कुटुंबासह राहत आणि काही चार ते सहा महिन्यांसाठी येत. इराकमध्ये, तसेच २००६ पासून अफगाणिस्तानच्या हेल्मंद प्रांतात, दर सहा महिन्यांनी संपूर्ण ब्रिगेड बदलली जाई. तुकडी आणि माणसे एकत्र जात आणि एकत्र परतत. पुढच्या पाळीपूर्वी साधारण दोन वर्षांची उसंत असावी असा दंडक होता. तो नेहमी पाळला गेलाच असे नाही. आणखी एक आक्षेप घेतला गेला. गावातील माणसे, पाणवाटे, भांडणे कळू लागेपर्यंत सहा महिने संपत आणि नवी ब्रिगेड पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करी. हेल्मंदमधील मुख्य तळ ऑक्टोबर २०१४ मध्ये अफगाण सैन्याकडे सोपवण्यात आला.

या अफगाण पाळ्यांमध्ये ‘द रायफल्स’ या रेजिमेंटच्या बटालियन वारंवार गेल्या. अनेक जुन्या रेजिमेंट एकत्र करून ती १ फेब्रुवारी २००७ रोजी स्थापन झाली. १७५४ मध्ये मद्रासला उतरलेली ३९ वी आणि १९४८ मध्ये मुंबई सोडणारी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, या दोघींचाही वारसा आज तिच्याकडेच आहे.