सर्फ (काउंटर-स्ट्राइक)

सर्फ : काउंटर-स्ट्राइक या संगणकीय नेमबाजीच्या खेळात खेळाडूंनीच उभा केलेला, बहुतांशी बंदूक न चालवता खेळायचा शर्यतीचा प्रकार. हवेत तरंगणाऱ्या तिरक्या रॅम्पवरून घसरत जायचे, एका रॅम्पवरून दुसऱ्यावर झेप घ्यायची आणि खाली न पडता कमीत कमी वेळात मॅपचे टोक गाठायचे, एवढाच त्याचा नियम. त्यात समुद्र नाही, लाट नाही, पायाखाली फळीही नाही. 2004 च्या सुमारास सुरू झालेला हा प्रकार आजही जोरात आहे. काउंटर-स्ट्राइकची मालक असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीने तो आखला नव्हता. तो ज्या गणितावर चालतो ते गणितही मुळात तिचे नव्हे. ते 1996 साली इड सॉफ्टवेअरने ‘क्वेक’ या खेळासाठी लिहिले होते. त्यामुळे सर्फचा इतिहास हा माणसांइतकाच काही मोजक्या आकड्यांचा इतिहास आहे. आकडा बदलला की खेळ बदलतो, आणि जुने विक्रम नव्या खेळात धरले जात नाहीत.

खऱ्याखुऱ्या लाटा, फळी आणि किनारा हवा असेल तर तो सेकंड लाइफमध्ये सापडतो. लिंडन लॅबने जून 2003 मध्ये खुल्या केलेल्या या आभासी जगात रहिवाशांनी लाटा आणि फळ्या स्वतः घडवल्या, त्यांच्या स्पर्धाही भरवल्या. तिथले सर्फिंग समुद्रावरच्या सर्फिंगची हौसेने केलेली नक्कल होती. काउंटर-स्ट्राइकमधल्या सर्फने समुद्राकडून फक्त नाव घेतले. तरीही स्पर्धा म्हणून रुजला तो हाच, कारण त्यात गुण देणारा पंच लागत नाही, घड्याळ पुरते.

घसरण्यामागचे गणित : क्वेकमध्ये आणि त्याच्या वारशाने आलेल्या इंजिनांत खेळाडू हवेत असताना त्याला किती ढकलायचे याचा एक साधा नियम आहे. खेळाडू ज्या दिशेला जायला मागतो, त्या दिशेत त्याचा आधीच किती वेग आहे ते प्रोग्राम पाहतो. तो 30 एककांपेक्षा (एकक म्हणजे खेळातले अंतराचे माप) कमी असेल तर तेवढ्यापर्यंत भर घालतो. एकूण वेग किती आहे हे तो विचारतच नाही. सरळ पुढे सेकंदाला 1000 एककांनी जाणाऱ्या खेळाडूने बरोबर काटकोनात बाजूला जायला मागितले, तर त्या बाजूचा त्याचा वेग शून्य असतो आणि त्याला पूर्ण 30 एकके मिळतात. पायथागोरसच्या प्रमेयाने एकूण वेग होतो सुमारे 1000.45. फायदा अर्ध्या एककापेक्षाही कमी. पण सर्व्हर हा हिशेब सेकंदाला साठ ते शंभर वेळा करतो (अशी प्रत्येक फेरी म्हणजे एक टिक), आणि प्रत्येक वेळी माउस किंचित वळवून मागणीची दिशा वेगाशी काटकोनात ठेवता आली तर चिल्लर साठत जाते. याला एअर स्ट्रेफिंग म्हणतात. ‘डब्ल्यू’ दाबणारा पुढचाच वेग पुढे मागतो. तो वेग आधीच 30 च्या वर असल्याने पदरात काही पडत नाही, उलट बाजूची मागणी तिरकी होऊन बिघडते. म्हणून कोणत्याही सर्व्हरवर नवख्याला मिळणारा पहिला सल्ला एकच असतो : डब्ल्यूवरचे बोट उचल.

दुसरा नियम उताराचा. पृष्ठभाग सुमारे 45.6 अंशांपेक्षा जास्त चढा असेल (प्रोग्राममध्ये हा आकडा 0.7 असा येतो; ती त्या कोनाची कोज्या) तर इंजिन त्याला जमीन मानत नाही. त्यावर टेकलेला खेळाडू कागदोपत्री हवेतच असतो, म्हणजे त्याला घर्षण लागत नाही. रॅम्प डावीकडे असेल तर ‘ए’ आणि उजवीकडे असेल तर ‘डी’ दाबून धरले की खेळाडू उताराच्या अंगावर सतत दाबला जातो, आणि तो आडवा दाब उतारावर वर चढण्यात बदलतो. खाली ओढणारे गुरुत्व आणि वर नेणारा दाब यांच्यात माउसने तोल सांभाळणे म्हणजे सर्फ. नजर उताराच्या खालच्या कडेकडे वळवली की वेग वाढतो आणि उंची जाते. वरच्या कडेकडे वळवली की उंची मिळते आणि वेग उतरतो.

खरी कसोटी मात्र रॅम्पवर टेकण्याच्या क्षणी लागते. टेकताना वेगाचा जो भाग उताराच्या पोटात घुसणारा असतो तो इंजिन सरळ कापून टाकते. रॅम्पला समांतर येणाऱ्याचे काही जात नाही. आडवा येऊन आदळणारा मात्र एका टिकमध्ये निम्मा वेग गमावून बसतो, आणि पुढची झेप कमी पडून दरीत जातो. जाणकार प्रेक्षक पडद्यावर वेगाचा आकडा पाहतात तो याच क्षणी. चाकू हातात घेऊन साधे धावताना हा आकडा 250 असतो. इंजिनची मूळ मर्यादा प्रत्येक अक्षावर 3500, म्हणजे धावण्याच्या चौदा पट. कसलेल्या खेळाडूच्या धावेत टेकण्याचा आवाज येतो, दिशा बदलते आणि आकडा ढळत नाही. तेवढ्यासाठी तोच एक रॅम्प लोक रात्रभर घोटतात.

उगम : 1998 च्या ‘हाफ-लाइफ’साठी व्हॉल्व्हने क्वेकचे इंजिन परवान्यावर घेऊन बरेच बदलले, पण हवेतल्या हालचालीचा भाग जवळपास तसाच राहिला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफवर बेतलेला काउंटर-स्ट्राइक 1999 मध्ये लोकांसमोर आणला आणि पुढच्या वर्षी व्हॉल्व्हने तो आपल्या नावाने विक्रीला काढला. व्हॉल्व्हने मॅप बनवण्याचे हॅमर हे साधनही खुले ठेवले होते. त्यामुळे हौशी मंडळींनी ठरलेल्या बॉम्ब आणि ओलिसांच्या मॅपशेजारी नाना तऱ्हा उभ्या केल्या : उड्या मारत चढायचे मॅप, ससेउड्यांचे मॅप आणि मग सर्फ. पहिला सर्फ मॅप ‘मारिओन्ड’ या नावाने खेळणाऱ्या चार्ली जॉइस याने 2004 मध्ये काउंटर-स्ट्राइक 1.6 साठी केला असे मानले जाते. शोध योगायोगाचा होता. चढ्या भिंतीला धरून घसरत राहता येते हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने त्यासाठीच वेगळी जागा बांधली.

त्या मॅपची घडण आजही फारशी बदललेली नाही. कौलारू छपरासारखा दोन्हीकडे उतार असलेला लांब रॅम्प, मग मोकळी जागा, मग पुढचा रॅम्प. आणि तळाशी एक अदृश्य पट्टा, त्याला स्पर्श झाला की खेळाडू परत सुरुवातीला. सर्व्हरवाल्याला त्यासाठी एकच महत्त्वाची गोष्ट बदलावी लागते. हवेतल्या प्रवेगाचा आकडा, जो मूळ खेळात 10 च्या आसपास असतो, तो 100 किंवा 150 वर न्यायचा. मूळ आकड्यावर तीव्र वळण घेता येत नाही आणि रॅम्पला धरून राहणेही जड जाते. ही एक ओळ सर्व्हरच्या फाइलीत लिहिली की नेमबाजीचा खेळ बाजूला पडतो.

लढाईपासून घड्याळापर्यंत : सुरुवातीचे सर्फ काउंटर-स्ट्राइकपासून पुरते सुटलेले नव्हते. ‘सर्फ स्की 2’सारख्या मॅपवर दोन संघ घसरत घसरत बंदुकांपर्यंत पोहोचत आणि मग एकमेकांवर गोळ्या झाडत. अशा काही मॅपमध्ये पडलेल्यांसाठी तुरुंगही असे. या प्रकाराला कॉम्बॅट सर्फ म्हणतात आणि तो अजून खेळला जातो, बहुधा दंगामस्तीसाठी. 2004 च्या नोव्हेंबरात आलेल्या काउंटर-स्ट्राइक : सोर्सने मॅपची जागा वाढवली आणि त्यासोबत स्किल सर्फ हा बंदूकमुक्त प्रकार पुढे सरकला. सोर्स इंजिनमध्ये मॅपचा घन प्रत्येक बाजूला 32,768 एककांचा असतो. 3500 च्या वेगाने जाणारा खेळाडू तो साडेनऊ सेकंदांच्या आत पार करेल. म्हणून मॅपकर्ते रॅम्पची वळणे एकावर एक रचतात किंवा मॅपचे टप्पे पाडून त्यांना टेलिपोर्टने जोडतात. टप्प्यांचा मॅप आणि एकसलग मॅप अशी दोन घराणीच पडली. एकसलग मॅपवर शेवटच्या रॅम्पवरची चूक सगळी धाव बुडवते, त्यामुळे मान त्याला जास्त.

स्पर्धा खऱ्या अर्थाने आली ती टाइमरमुळे. सर्व्हरवर चढवायच्या या छोट्या प्रोग्रामने सुरुवातीचा आणि शेवटचा पट्टा ओळखला, मधल्या ठाण्यांवरचे वेळ टिपले आणि धाव रेकॉर्ड केली. विक्रमाची धाव मग एक बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेला खेळाडू, अखंड करून दाखवत राहतो, आणि नवखा त्याच्या मागे मागे जाऊन मार्ग शिकतो. जगज्जेत्याच्या पाठीमागे हात-दोन हातांवरून पाहता येईल, तेही फुकट आणि हवे तितक्या वेळा, असे खेळ फार नाहीत. मॅपना काठिण्यपातळी मिळाली : टियर 1 सर्वांत सोपा, वरची हद्द कुठे 6, कुठे 8. ‘सर्फ मेसा’ आणि ‘सर्फ कित्सुने’ हे सुरुवातीच्या पातळीचे मॅप जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून गेलेले असतात. जोडीला आडवे तोंड करून, उलटे तोंड करून किंवा कमी गुरुत्वात खेळायच्या शैली आल्या आणि प्रत्येकीची यादी वेगळी ठेवली जाऊ लागली. मध्यवर्ती संघटना वा अधिकृत जागतिक नोंदवही कधीच नव्हती. सोर्सपुरती केएसएफ या सर्व्हरगटाची यादी प्रमाण मानली जाते, ती केवळ तिथे उत्तम खेळाडू खेळतात आणि नियम कडक आहेत म्हणून. बक्षिसाची रक्कम या प्रकाराला कधी फारशी चिकटली नाही. खेळाच्या तब्येतीला ते मानवले असेच दिसते. हजारो धावांनंतर सेकंदाचा शंभरावा भाग वाचवणाऱ्याला त्यापलीकडे काही नको असते.

टिकरेट आणि तंटे : सर्व्हर सेकंदाला किती वेळा हिशेब करतो तो आकडा म्हणजे टिकरेट. वर सांगितलेली चिल्लर दर टिकला साठते, त्यामुळे 66 टिकवरची धाव आणि 100 टिकवरची धाव या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. ऑगस्ट 2012 मध्ये काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह आला, त्यात ठरावीक आकडा 64 होता, सर्फ सर्व्हरवाल्यांनी 85 आणि त्याहून वरचे आकडे वापरून पाहिले. एकाच मॅपचे, एकाच खेळाडूचे विक्रम अशा रीतीने तीन-चार वह्यांत विखुरले. कोणता ‘खरा’ यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत, मिटण्याचे कारणही दिसत नाही.

दुसरे जुने दुखणे रॅम्पबग. दोन रॅम्पच्या सांध्यावर, कधी सलग रॅम्पवरही, इंजिनची टक्कर मोजण्यात गफलत होते आणि भरवेगातला खेळाडू जागच्या जागी थिजतो. चूक त्याची नसते आणि धाव मात्र त्याचीच जाते. यावर हौशी प्रोग्रामरांनी दुरुस्त्या लिहिल्या. मग दुरुस्ती बसवलेल्या सर्व्हरवरचा वेळ जुन्या वेळेशेजारी लावायचा का, हा नवा प्रश्न उभा राहिला. ज्या गफलतीतून सर्फ जन्मला ती पवित्र आणि जी धाव मोडते ती दुरुस्त करायची, हा निवाडा पूर्णपणे खेळाडूंचा आहे. तो तर्काला धरून नसला तरी सोयीला धरून आहे.

लबाडीही हिशेबाच्याच अंगाने होते. माउस आपोआप नेमका वळवणारे प्रोग्राम वापरले जातात. धावेच्या रेकॉर्डमधून वळणांची आकडेवारी काढून ते पकडले जातात, कारण माणसाचा हात प्रत्येक टिकला काटेकोर नसतो.

भारतात काउंटर-स्ट्राइक 1.6 पसरला तो मुख्यतः सायबर कॅफेंतून. मुंबई-पुण्याच्या कॅफेंत तासाच्या दराने तो खेळत एक पिढी वाढली. तिथे चलती होती ती लढाईच्या मॅपची. सर्फचा एक गुण मात्र इथल्या खेळाडूच्या पथ्यावर पडणारा आहे. युरोपातल्या सर्व्हरशी बोलायला भारतातून सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ लागला, की समोरासमोरच्या नेमबाजीत माणूस आधीच मेलेला असतो. सर्फमध्ये समोर कोणी नसतो. स्वतःच्या हालचालीचा अंदाज संगणक जागीच बांधतो आणि सर्व्हर वेळ टिकमध्ये मोजतो, त्यामुळे अंतराने धाव लांबत नाही. फक्त वाटेत माहितीची पाकिटे गळायला लागली की रॅम्प पायाखालून निसटतो.

सद्यःस्थिती : 27 सप्टेंबर 2023 रोजी काउंटर-स्ट्राइक 2 ने ग्लोबल ऑफेन्सिव्हची जागा घेतली. त्यात व्हॉल्व्हने टिकच्या मधल्या क्षणांचीही नोंद घेणारी सबटिक पद्धत आणली. नेमबाजीसाठी ती सुधारणा असेल, पण दर टिकच्या हिशेबावर वाढलेल्या सर्फला नव्या खेळात घर करायला वेळ लागला. टाइमर नव्याने लिहावे लागले आणि जुने मॅप नव्या इंजिनात आणावे लागले. जुन्या खेळाचा अधिकृत आधार 1 जानेवारी 2024 पासून संपला. दुसरीकडे, सर्फ आणि तत्सम हालचालीचे प्रकार एकाच जागी, एकाच नियमाखाली आणण्यासाठी ‘मोमेंटम मॉड’ हा स्वतंत्र प्रकल्प स्वयंसेवकांनी अनेक वर्षे चालवला आहे. रॅम्पबगची दुरुस्ती त्यात मुळातूनच केलेली आहे. काउंटर-स्ट्राइक : सोर्समधले सर्फ सर्व्हर मात्र इंजिनाच्या एवढ्या पिढ्या उलटूनही चालू आहेत, आणि तिथे विक्रम मोजले जातात ते 66 टिकवरच.