पडलेल्या मालिकेचे वकील

६ ऑक्टोबर १९७४ च्या रविवारी संध्याकाळी साडेसातला जपानी टीव्हीवर तिरंगी सामना होता. फुजी टीव्हीवर वर्षाच्या सुरुवातीपासून चाललेली ‘हायडी’ होती. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, दृश्यांची आखणी हायाओ मियाझाकी यांची. टीबीएसवर ‘सारू नो गुंदान’ ही वानरांच्या राज्याची विज्ञानमालिका त्याच दिवशी सुरू झाली. आणि तिसरी होती ‘उचू सेनकान यामातो’. साल २१९९, परग्रहावरून झालेल्या हल्ल्यांनी पृथ्वी किरणोत्सर्गात होरपळलेली. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली यामातो ही युद्धनौका अंतराळयान बनून १ लाख ४८ हजार प्रकाशवर्षांवर किरणोत्सर्ग दूर करणारं यंत्र आणायला निघते, आणि परतायला तिच्याकडे एकच वर्ष असतं.

लहान मुलं हायडीने आधीच बांधून ठेवली होती. विज्ञानकथेचे वेडे दोन मालिकांत वाटले गेले. ‘यामातो’चं रेटिंग उठेना, म्हणून ३९ भागांचा बेत २६ भागांवर आणला गेला आणि मार्च १९७५ च्या अखेरीस मालिका गुंडाळली.

टीव्हीच्या धंद्यात अशा मालिकेला दुसरा जन्म नसतो. ‘यामातो’ला तो मिळाला, कारण तिला पाहिलेल्या थोड्या लोकांनी तिच्याबद्दल बोलणं थांबवलं नाही. आज अ‍ॅनिमेचा नवा भाग आला की तासाभरात त्याची उलटतपासणी सुरू होते. कोणता प्रसंग कोणी रेखाटला, मूळ मांगातलं, म्हणजे जपानी चित्रकथेतलं, काय गाळलं, चाळीस वर्षांपूर्वीच्या कोणत्या चित्रपटाची त्यावर छाया आहे, यावर रात्री जागवल्या जातात. या रिवाजाचं घराणं शोधत गेलं, तर वाट त्या पडलेल्या मालिकेपाशी आणि तिची बाजू मांडायला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांपाशी येते.

बोलायची सवय मात्र त्यांनी शून्यातून घडवली नाही. जपानमधल्या विज्ञानकथेच्या वाचकांनी १९५७ मध्येच ‘उचूजिन’ हे हौशी नियतकालिक काढलं होतं. मांगावाल्यांकडे तर हस्तलिखितं होती. आपल्याकडे शाळा-कॉलेजांत हस्तलिखित अंक निघत तशीच, फरक इतकाच की ती टपालाने गावोगाव फिरत आणि प्रत्येक सभासद मागच्या पानांवर आपला अभिप्राय लिहून अंक पुढच्याकडे पाठवी. ओसामू तेझुका यांच्या कंपनीने १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉम’ मासिकाने होतकरू चित्रकारांच्या आणि वाचकांच्या या धडपडीला हक्काची पानं दिली. ‘कॉम’ बंद पडलं, तेव्हा लिहायला सरावलेले हे हात मोकळे झाले.

त्यांतल्याच काहींनी ‘मेइक्यू’ नावाचं मंडळ काढलं. हे मंडळ मांगाची समीक्षा लिहिणारं होतं. योशिहिरो योनेझावा त्यातले एक. २१ डिसेंबर १९७५ रोजी या मंडळाने तोक्योतल्या अग्निशमन भवनाच्या सभागृहात हौशी प्रकाशनांचा बाजार भरवला. ३२ गट आले, सुमारे ७०० माणसं आली आणि त्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. हाच पहिला ‘कॉमिक मार्केट’. पुढे लाखोंची गर्दी खेचणाऱ्या या जत्रेची पायाभरणी समीक्षकांनी केली, ही गोष्ट आज तिथल्या पोशाखांच्या झगमगाटात सहसा आठवली जात नाही.

‘यामातो’चे चाहते याच वातावरणात वाढले. त्यांची अडचण मोठी होती. पाहिलेला भाग पुन्हा पाहायची सोय नव्हती. सोनीचा बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डर १९७५ मध्ये आणि व्हीएचएस १९७६ मध्ये आला, पण दोन्ही विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर. मग टीव्हीसमोर कॅसेट रेकॉर्डर ठेवून आवाज टिपायचा, पडद्याचे फोटो काढायचे, पात्रांची नावं, यानांची मोजमापं, संवाद वहीत उतरवायचे. स्टुडिओंच्या लेखी चित्रण झालेले सेल, म्हणजे रंगवलेली पारदर्शक पानं, ही अडगळ होती. चाहते दारात जाऊन ते मागून आणत. पुरावे असे गोळा झाले आणि त्यावर लेख उभे राहिले. सायक्लोस्टाइलवर किंवा स्वस्त ऑफसेटवर छापलेल्या अंकांतून भागवार टिपणं निघू लागली. वाहिन्यांकडे पत्रं गेली, फोन गेले. पुनर्प्रसारणं झाली आणि पहिल्या खेपेला ‘हायडी’ पाहणारी मुलं या वेळी ‘यामातो’समोर बसली.

१९७७ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. ‘आउट’ या नव्या मासिकाने आपल्या दुसऱ्याच अंकात ‘यामातो’वर भलीमोठी पुरवणी दिली आणि अंक हातोहात खपला. त्यानंतर ६ ऑगस्टला मालिकेच्या भागांतून कातरून जोडलेला चित्रपट लागला. आदल्या रात्रीपासून तरुण मुलामुलींच्या रांगा चित्रपटगृहांबाहेर लागल्या होत्या. अ‍ॅनिमे लहान मुलांसाठी असतं, असं धरून चाललेल्या वितरकांना आपला प्रेक्षक पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

प्रकाशकांनाही तो दिसला. तोकुमा शोतेन या संस्थेने मे १९७८ मध्ये ‘अ‍ॅनिमेज’ सुरू केलं. संपादक हिदेओ ओगाता यांनी अंकाची जबाबदारी तोशिओ सुझुकी या तरुण पत्रकाराच्या गळ्यात घातली, तेव्हा अंक निघायला जेमतेम काही आठवडे उरले होते आणि सुझुकींना अ‍ॅनिमेतलं काही कळत नव्हतं. त्यांनी अ‍ॅनिमेवेड्या शाळकरी मुलींना बोलावून घेतलं आणि त्यांच्याकडे शिकवणी लावली. पुढे अनेकदा सांगितलेल्या या आठवणीत मुलींनी सुचवलेलं एक नाव फार महत्त्वाचं आहे. ‘होरुस’, म्हणजे तोएई कंपनीचा १९६८ चा, तिकीटबारीवर आपटलेला चित्रपट. दहा वर्षांपूर्वीच्या त्या अपयशी चित्रपटाची थोरवी जाणकारांना नव्हे, या मुलींना पाठ होती.

सुझुकींनी त्याचे दिग्दर्शक ताकाहातांना फोन केला. आपल्याला का बोलायचं नाही, हे ताकाहातांनी तासभर समजावून सांगितलं. मग फोन सहकाऱ्याकडे, मियाझाकींकडे गेला. त्यांना बोलायचं होतं, पण त्यासाठी १६ पानं हवी होती. मुलाखत काही जमली नाही, ओळख मात्र झाली. त्या ओळखीतून १९८२ मध्ये ‘अ‍ॅनिमेज’च्या पानांवर मियाझाकींची ‘नाउसिका’ ही मांगा सुरू झाली, १९८४ मध्ये तिचा चित्रपट झाला आणि १९८५ मध्ये स्टुडिओ जिब्ली उभा राहिला. मियाझाकींच्या ‘तोतोरो’ चित्रपटापर्यंत पोचणाऱ्या या साखळीच्या पहिल्या कड्यात काही शाळकरी मुलींची चित्रपट पारखण्याची नजर आहे, आणि तिची नोंद जिब्लीच्या प्रत्येक इतिहासात ठळक व्हायला हवी.

‘अ‍ॅनिमेज’च्या पाठोपाठ ‘अ‍ॅनिमेक’, ‘अ‍ॅनिमेडिया’, ‘न्यूटाइप’ अशी मासिकं आली. वाचकांच्या मतदानाने वर्षाची उत्तम मालिका ठरू लागली. पत्रव्यवहाराची पानं म्हणजे आखाडाच झाला. आणि त्या आखाड्यात ‘गुंडाम’ उतरली.

योशियुकी तोमिनो यांची ‘मोबाइल सूट गुंडाम’ एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली. पैसा खेळण्यांच्या कंपनीचा होता आणि तिला विकायला रोबो हवा होता. तोमिनोंनी मात्र युद्धात ओढली गेलेली, घाबरलेली, एकमेकांवर चिडणारी पोरं दाखवली. शत्रूपक्षातही सभ्य माणसं होती. खेळणी खपली नाहीत, रेटिंग पडलं, ५२ भागांची मालिका ४३ वर थांबली. पण या वेळी बाजू लढवायला यंत्रणा तयार होती. मासिकांनी कथेतल्या राजकारणावर, पात्रांच्या स्वभावावर पानंच्या पानं छापली. पुनर्प्रसारणांत मालिका तरली, बांदाई कंपनीच्या प्लास्टिक मॉडेलवर १९८० पासून झुंबड उडाली आणि तीन भागांत चित्रपट काढायचं ठरलं.

२२ फेब्रुवारी १९८१ ला पहिल्या चित्रपटाच्या प्रचारासाठी शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेकडच्या चौकात मेळावा झाला. सुमारे १५ हजार तरुण जमले. चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून तोमिनो स्वतः माइकवर येऊन समजावत राहिले. ‘अ‍ॅनिमेच्या नव्या शतकाची घोषणा’ तिथे वाचली गेली, तीही गुंडामच्या पात्रांचे पोशाख घातलेल्या दोन चाहत्यांकडून. त्यांतला तरुण मामोरू नागानो पुढे तोमिनोंच्याच मालिकांसाठी यंत्रांची आरेखनं करू लागला, तर तरुणी मारिया कावामुरा आवाजाची नामवंत कलाकार झाली.

त्याच वर्षी ‘गुंडाम सेंच्युरी’ हा विशेषांक निघाला. मालिकेने अर्धवट सोडलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात जाणकार चाहत्यांनी आणि लेखकांनी रचली होती. वजनरहित पोकळीत एवढा अवजड रोबो इंधन न जाळता वळतो कसा? तो हातपाय झटकून त्या प्रतिक्रियेच्या बळावर दिशा बदलतो, असं स्पष्टीकरण त्यांनी मांडलं. पुढच्या काळात निर्मात्यांनी ते अधिकृत म्हणून स्वीकारलं. समीक्षेचा मजकूर मूळ कलाकृतीच्या पोटात जाऊन बसला, अशी उदाहरणं कोणत्याही कलाप्रकारात थोडी सापडतील.

तोवर व्हिडिओ रेकॉर्डर घरोघर पोचू लागला होता. त्याच्या ‘पॉज’ बटणाने नजर बदलली. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असला तरी तेझुकांच्या ‘तेत्सुवान आतोमू’पासून, म्हणजे १९६३ पासून, टीव्ही अ‍ॅनिमेत चित्रं मोजकीच काढत. एकेक चित्र तीन-तीन चौकटी टिकवायचं, म्हणजे सेकंदाला आठांवर भागायचं. चित्रं कमी, म्हणून कोणती काढायची आणि कोणती गाळायची याला मोल येतं, आणि तिथे अ‍ॅनिमेटरचा हात उघडा पडतो. त्यातच वेगवेगळे भाग वेगवेगळ्या तुकड्यांकडे सोपवलेले. त्यामुळे एकाच मालिकेत एखादा भाग अचानक उसळतो. चाहते तो भाग थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहू लागले आणि नावं जुळवू लागले.

योशिनोरी कानादा हे त्यांना अशाच नजरेने सापडलेले कलावंत. अंग वाकडंतिकडं ताणलेली पात्रं, कॅमेऱ्यावर चालून येणारा हात, सापासारख्या वळवळणाऱ्या ज्वाळा. १९७७ च्या ‘झांबोत ३’मध्ये ही खूण ओळखू येऊ लागली, १९७९ च्या ‘गॅलक्सी एक्सप्रेस ९९९’च्या अखेरच्या विध्वंसात ती डोळे दिपवून गेली. इचिरो इतानो यांच्या धुराच्या शेपट्या सोडत आकाशभर भिरभिरणाऱ्या क्षेपणास्त्रांना तर चाहत्यांनी ‘इतानो सर्कस’ हे नावच दिलं. एरवी श्रेयनामावलीत झर्रकन सरकून जाणारी ही माणसं प्रेक्षकांच्या तोंडी खेळू लागली. अ‍ॅनिमेशनच्या या रसिकतेला आज जगभर ‘साकुगा’ या जपानी शब्दानेच ओळखतात. राबणाऱ्या हातांना प्रेक्षकांनी आपणहून दिलेला हा मान अ‍ॅनिमे-चर्चेची सर्वांत मोलाची कमाई आहे.

असं बारकाईने पाहणारे पुढे स्वतः चित्रं काढायला बसले, यात नवल नाही. ओसाकातल्या १९८१ च्या विज्ञानकथा संमेलनासाठी विद्यार्थ्यांनी उद्घाटनाची छोटी अ‍ॅनिमेशनफीत हाताने केली. १९८३ मध्ये तिची दुसरी, कितीतरी सफाईदार आवृत्ती आली. आवडत्या मालिकांची आठवण त्यांत पावलोपावली होती. त्या गटातून १९८४ मध्ये गायनाक्स स्टुडिओ झाला आणि त्यातल्या हिदेआकी आन्नो यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘इव्हांगेलियन’ ही मालिका आणली. मार्च १९९६ मधल्या तिच्या शेवटच्या दोन भागांत युद्ध बाजूला पडलं आणि पात्रांच्या मनाचा धांडोळा सुरू झाला, तोही स्थिर चित्रांतून, कच्च्या रेखाटनांतून. प्रेक्षकांत उभी फूट पडली. जुलै १९९७ मध्ये आन्नोंनी चित्रपटातून पुन्हा शेवट केला आणि त्यात चित्रपटगृहाच्या खुर्च्यांत बसलेल्या प्रेक्षकांनाच पडद्यावर दाखवलं.

याच सुमारास गायनाक्सचे एक संस्थापक तोशिओ ओकादा यांनी या पाहण्याचं शास्त्र मांडायचा प्रयत्न केला. १९९६ च्या पुस्तकात त्यांनी चाहत्याला तीन डोळे असल्याचं सांगितलं: सौंदर्य टिपणाऱ्या रसिकाचा, घडण तपासणाऱ्या कारागिराचा आणि पडद्यामागची परिस्थिती जाणणाऱ्या माहीतगाराचा. चांगल्या अ‍ॅनिमे-परीक्षणात आजही हे तिन्ही डोळे उघडे असतात.

जपानबाहेर ही सवय व्हिडिओ टेपवर बसून गेली. जपान आणि अमेरिका दोन्हीकडे एनटीएससी हीच प्रसारणपद्धत होती, त्यामुळे तोक्योत ध्वनिचित्रमुद्रित केलेली टेप लॉस एंजेलिसमध्ये जशीच्या तशी चाले. तिथे १९७७ मध्ये फ्रेड पॅटन आणि त्यांच्या मित्रांनी ‘कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन’ स्थापन केली. भाषा येत नसलेली मंडळी एकत्र बसून मालिका पाहत आणि कथा लावत. पुढे हौशी उपशीर्षकं आली, इंटरनेटवर वार्ता आणि परीक्षणं आली.

महाराष्ट्रात अ‍ॅनिमे आलं तेव्हा त्याच्यासोबत ही चर्चा आली नव्हती. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘मोगली’ घरोघर पाहिला गेला. तो निप्पॉन अ‍ॅनिमेशनचा, म्हणजे ‘हायडी’ घडवणाऱ्या मंडळींतूनच १९७५ मध्ये निघालेल्या कंपनीचा होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं. युगो साको यांच्या ‘रामायण’ या जपानी-भारतीय चित्रपटाचं सहदिग्दर्शन मुंबईच्या राम मोहन यांनी केलं, तरी इथल्या चित्रपटगृहांत तो सर्वदूर लागला तो २०२५ च्या जानेवारीत. मधल्या काळात २००४ मध्ये अ‍ॅनिमॅक्स वाहिनी आली, मग इंटरनेट आलं आणि इथला प्रेक्षक बोलू लागला. २०१९ मध्ये माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात प्रदर्शित झाला, त्यामागे हजारो चाहत्यांच्या सह्यांची याचिका होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेअर’चा चित्रपट हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवाजांसह आला. त्या यादीत मराठी नव्हती.

मराठीत सिनेमावर नेटकं बोलायची शिस्त फिल्म सोसायट्यांनी लावली. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ चं, ‘होरुस’ पडला त्याच वर्षीचं. त्या परंपरेत ताकाहातांच्या ‘हायडी’वर, कानादांच्या ज्वाळांवर, तोमिनोंच्या घाबरलेल्या सैनिकांवर सविस्तर मराठी लेख यायला हवेत. एकेक चौकट थांबवून पाहणारी, अ‍ॅनिमेटरची नावं तोंडपाठ असलेली मुलं पुण्या-मुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या कॉलेजांत आज आहेत. संपादकांनी त्यांच्याकडे लेख मागायला सुरुवात करावी.