७२०० फेऱ्यांचे मोल : लॅपटॉपची हार्ड डिस्क, वेग आणि उष्णता
#थ्रेड

१/ एके काळी लॅपटॉप घेणाऱ्यापुढे तीन आकडे असत : ४२००, ५४०० आणि ७२००. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला घेत असलेले हे फेरे, म्हणजेच आरपीएम. मोठा आकडा म्हणजे वेगवान यंत्र आणि तापलेली मांडी, अशी सार्वत्रिक समजूत होती. तिच्यात तथ्य किती होते, हे या आकड्यांच्या इतिहासातून उलगडते.

२/ आरंभ १९५६ चा. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ‘रॅमॅक’ साकारले. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे आणि सुमारे ५० लाख अक्षरांची साठवण. हे यंत्र प्रशस्त खोलीत उभे असे. निर्माण होणाऱ्या उष्णतेला जागेची वाण नव्हती.

३/ १९८८ मध्ये अमेरिकेतील प्रेरीटेक कंपनीने २० मेगाबाइटची अडीच इंची डिस्क आणली आणि लॅपटॉपला त्याच्या मापाची डिस्क मिळाली. मात्र येथे कवच बंदिस्त, प्रोसेसर शेजारी आणि बॅटरी मोजकी. साडेतीन इंची डिस्कने १९९२ मध्ये सीगेटच्या ‘बाराकुडा’च्या रूपाने ७२०० चा टप्पा गाठला. लॅपटॉपला तेथे पोहोचण्यास २००३ साल उजाडले. ६० गिगाबाइटची ती डिस्क होती हिताचीची ‘ट्रॅव्हलस्टार ७के६०’.

४/ हा विलंब का? उत्तर हवेत आहे. तबकडी हवा कापत फिरते आणि हवेचा रोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते. ५४०० वरून ७२०० वर जाताना वेग एक तृतीयांशाने वाढतो. त्याच तबकडीसाठी हवेवर खर्च होणारी शक्ती मात्र दुपटीहून अधिक होते. त्या शक्तीची अखेर उष्णताच होते.

५/ लाभ किती? हवी असलेली माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. ४२०० ला हा काळ ७.१ मिलिसेकंद, ५४०० ला ५.६, तर ७२०० ला ४.२. परंतु हेडला योग्य वर्तुळावर सरकण्यास साधारण १२ मिलिसेकंद लागत. ते धरता ५४०० ची एकूण प्रतीक्षा १७.६ आणि ७२०० ची १६.२. बचत अवघी ८ टक्के!

६/ सलग लांबलचक फाइल वाचताना मात्र समान घनतेच्या तबकडीवर ३३ टक्क्यांचा पूर्ण लाभ मिळे. म्हणजे चित्रफिती संपादित करणाऱ्यास ७२०० उपयुक्त. पत्रे लिहिणाऱ्यास फरक जेमतेम जाणवणारा.

७/ उष्णतेचा दोषही पूर्णतः डिस्कचा नव्हता. लॅपटॉपची डिस्क काम करताना साधारण २ ते ३ वॅट वीज घेई. प्रोसेसरची भूक कित्येक पटींनी मोठी. तरीही अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क तळहात टेकण्याच्या जागेखाली असे. वॅटभराचा फरक तेथे हाताला जाणवे.

८/ खरी प्रगती दुसऱ्याच वाटेने आली. २००६ मध्ये सीगेटच्या ‘मोमेंटस ५४००.३’ या लॅपटॉप-डिस्कमध्ये चुंबकीय नोंदी आडव्याऐवजी उभ्या झाल्या. त्याच जागेत अधिक नोंदी मावल्या आणि एका फेऱ्यात अधिक माहिती वाचता येऊ लागली. वेग वाढला, फेरे ५४०० च राहिले. म्हणूनच नवी ५४०० ची डिस्क सलग वाचनात जुन्या ७२०० च्या डिस्कला गाठू शके.

९/ फेऱ्यांचा हट्ट कोठवर जाई, याची साक्ष २००८ च्या ‘वेलोसिरॅप्टर’ने दिली. वेस्टर्न डिजिटलची ही अडीच इंची डिस्क १०,००० फेरे घेई. पण जाडी १५ मिलिमीटर, तर लॅपटॉपमधील खाच सहसा ९.५ मिलिमीटरची. टेबलावरच्या संगणकासाठी ती उष्णता शोषणाऱ्या धातूच्या मोठ्या चौकटीत बसवून विकली जाई. लॅपटॉपची शर्यत ७२०० वरच थांबली.

१०/ पुढे एसएसडीने तबकडीच हटवली; अर्ध्या फेऱ्याची प्रतीक्षाही संपली. या इतिहासाचे सार एवढेच : वेष्टनावरचा आकडा खोटा नव्हता, अपुरा होता. तो फेरे सांगे. एका फेऱ्यात किती माहिती हाती लागते आणि तिच्यासाठी किती ऊब सोसावी लागते, याबाबत तो मौन बाळगी.

(समाप्त)